तीन स्प्रिंगा आणि चिऱ्याची भिंत

(दृश्य : फोंडा तालुक्यातील एक जुने घर. लाकडी जिना. माडीवर चढणारी पावले.)

या जिन्याच्या सातव्या पायरीवर पाय पडला की माडीवरच्या खोलीची लाकडी जमीन किंचित खाली दबते आणि पुन्हा वर येते. घरातल्या माणसांना ते कधीच जाणवत नाही. कोपऱ्यातल्या मेजावर ठेवलेल्या टर्नटेबलाला, म्हणजे तबकड्या वाजवण्याच्या यंत्राला, मात्र ते दर वेळी जाणवत असे, आणि बैठकीत रंगलेला ख्याल समेवर येण्याआधीच सुई उडून पुढच्या खाचेत जाऊन पडत असे. हे यंत्र माझ्या मामांचे. ते निवृत्त शिक्षक आहेत, आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी हे यंत्र एकदा नीट लावून टाकायचे, असे त्यांनी यंदा ठरवले होते.

यातली गंमत अशी की हादऱ्यांपासून वाचण्यासाठीच या यंत्राला स्प्रिंगांवर तोलून धरलेले आहे.

(दृश्य : झाकण आणि थाळी काढलेले टर्नटेबल, वरून.)

तबकडीवरची खाच साधारण केसाइतकी रुंद असते, आणि तिच्या भिंतींवर कोरलेली कंपने त्याहून कितीतरी सूक्ष्म. सुई आणि खाच यांच्यात होणारी प्रत्येक सापेक्ष हालचाल कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसवलेली असते ती छोटी डबी, विजेच्या लहरीत बदलते. ती हालचाल गायकाच्या गळ्यातून आली की शेजारच्या खोलीतल्या कपाटाच्या दारातून, हा भेद कार्ट्रिजला करता येत नाही. म्हणून तबकडी फिरवणारी थाळी आणि कार्ट्रिज धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्म, एकाच कडक चौकटीवर बसवायचे, ही चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगती ठेवायची आणि थरथरणारी मोटर मात्र बाहेरच्या पेटीला जोडून रबरी पट्ट्याने थाळी फिरवायची, अशी ही योजना आहे. चौकट हलली तरी सुई आणि तबकडी एकत्रच हलतात, आणि त्यामुळे ती हालचाल ऐकू येत नाही. 1961 साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी आपल्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या टर्नटेबलात ही रचना आणली, 1965 मध्ये थोरेन्सने ती टीडी 150 मध्ये घेतली, आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी ग्लासगोच्या लिन कंपनीने त्याच वाटेने आपले सोंडेक एलपी 12 काढले. मामांकडे आहे ते हेच.

मग सुई का उडत होती? स्प्रिंगवर तोललेल्या वजनाला स्वतःचा एक ताल असतो. वजनाखाली स्प्रिंग 10 मिलिमीटर दबली तर तो ताल सेकंदाला सुमारे 5 हेलकाव्यांचा होतो, आणि 28 मिलिमीटर दबली तर सुमारे 3 हेलकाव्यांचा. या तालाच्या साधारण दीडपटीहून वेगवान कंपने स्प्रिंग अडवते. पण खुद्द त्या तालाच्या जवळपासचा हादरा ती अडवत तर नाहीच, उलट वाढवते. माणूस चालतो सेकंदाला दोन पावलांच्या आसपास, आणि जुनी लाकडी माडी त्या पावलांना झुल्यासारखी साथ देते. दगडी जमिनीवर शांत बसणारे यंत्र लाकडी जमिनीवर नाचू लागते ते यामुळे, आणि त्यात यंत्राचा दोष नसतो.

मी पाने आणि स्क्रूड्रायव्हर काढून बसलो, तेव्हा मामा म्हणाले, “अरे, पेटी मागाहून. आधी भिंत बघ.”

(दृश्य : गिलावा खरवडलेला भिंतीचा भाग. लालसर चिरा.)

गोव्यातल्या जुन्या घराची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत जाड आणि जड असते, आणि माडीच्या जमिनीबरोबर ती हलत नाही. टर्नटेबलासाठी भिंतीतली फळी हाच अशा घरात खरा उपाय होय. अडचण एवढीच की चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ असल्यामुळे ड्रिलचे भोक हवे त्याहून मोठे होते आणि साधा प्लॅस्टिकचा प्लग त्यात नुसता फिरत राहतो. म्हणून गवंड्याकडून लांब बोल्ट सिमेंटमध्ये बसवून घेतले, चार दिवस तसेच राहू दिले, आणि मग लोखंडी कंसांवर हलकी, कडक फळी टाकून ती पाणसळीने समतल केली. गवंड्याला वाटले की आम्ही देव्हारा करत आहोत. आम्हीही त्याचा समज दुरुस्त केला नाही.

आता पेटी. येथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि बहुतेक जण येथेच घाई करतात असे माझे मत आहे. स्प्रिंगा जुळवायच्या त्या रिकाम्या चौकटीवर नव्हे, तर चौकटीवर जे जे बसणार आहे ते सारे बसवून. बेअरिंगमध्ये तेल, आतली आणि बाहेरची थाळी, मॅट, एक तबकडी, कार्ट्रिजसह टोनआर्म आणि त्याचे मागचे वजन, हे सर्व जागेवर आल्यानंतरच तळातून पाना लावायचा. त्यासाठी यंत्र दोन्ही बाजूंना आधार असलेल्या उघड्या घोडीवर ठेवतात. प्रत्येक स्प्रिंगखाली एक नट असतो. तो वर चढवला की चौकटीचा तो कोपरा वर येतो. थाळी वरच्या पत्र्याला समांतर व्हावी आणि टोनआर्म जिच्यावर बसतो त्या पाटीभोवतीची फट चारी बाजूंना सारखी दिसावी, इथवर पोहोचायला आम्हांला पाऊण तास लागला.

(दृश्य : खालून दिसणारी स्प्रिंग. बोटांनी तिला हळूच फिरवणारा हात.)

खरे कौशल्य यापुढे लागते. कोणतीही स्प्रिंग पूर्णपणे सरळ नसते. ती वजनाखाली दबताना एखाद्या बाजूला किंचित कलते. तिला तिच्या बोल्टाभोवती थोडीथोडी फिरवत गेले की तिचा कल कोणत्या दिशेला आहे ते कळते, आणि तिन्ही स्प्रिंगांचे कल एकमेकांना सावरतील अशी जागा शोधता येते. परीक्षा साधी आहे. थाळी बोटाने अलगद दाबून सोडावी. ती सरळ वर-खाली झुलली पाहिजे, विहिरीत सोडलेल्या घागरीसारखी डुलता कामा नये. डुलली तर मोटर आणि थाळी यांतले अंतर क्षणोक्षणी बदलते, पट्ट्याचा ताण कमीजास्त होतो, आणि तंबोऱ्याचा लांबवर टिकणारा स्वर हेलकावे खाऊ लागतो.

तिन्ही स्प्रिंगा जुळल्या तरी आमची थाळी मागच्या उजव्या कोपऱ्याकडे ओढल्यासारखी झुलत होती. दोन तास नट आणि स्प्रिंगा फिरवल्यावर दोषी सापडली ती टोनआर्मची केबल. चौकटीवरच्या क्लिपपासून पेटीवरच्या क्लिपपर्यंतचा तिचा तुकडा ताठ राहिला होता, आणि तीच चौथी स्प्रिंग होऊन बसली होती. तेवढ्या भागाला सैल वळसा दिला, केबल पीळ न पडता लोंबू दिली, आणि थाळी सेकंदाला तीन या संथ लयीत सरळ झुलू लागली.

कार्ट्रिजची मांडणी पंधरा मिनिटांत झाली, कारण तिच्यात तर्काला फारशी जागा नाही. कागदी मोजपट्टीवर केंद्रापासून 66 आणि 121 मिलिमीटरांच्या दोन बिंदूंवर कार्ट्रिज रेषेत आणले आणि छोट्या काट्यावर सुईचा भार 1.8 ग्रॅम ठरवला.

(दृश्य : फिरणाऱ्या थाळीवर काळ्या-पांढऱ्या रेघांची चकती.)

वेग तपासायला 180 रेघांची चकती पुरते. मिनिटाला 33⅓ फेरे बरोबर असतील तर 50 हर्ट्झच्या विजेवर, जुन्या चोकच्या, लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली, त्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. स्थिर उजेडाच्या एलईडी दिव्याखाली काहीच कळत नाही. व्होल्टेज पडले म्हणून वेग पडतो ही समजूत मात्र चुकीची आहे, कारण ही सिंक्रोनस मोटर विजेच्या आवर्तनांना बांधलेली असते. पावसाळ्यात स्वस्त इन्व्हर्टरवर ती गुरगुरते तेही वीज कमी पडते म्हणून नव्हे, तर त्या विजेची लहर चौकोनी असते म्हणून. आणि कोणी अमेरिकेहून 60 हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेल्या मोटरच्या कप्पीसह टर्नटेबल आणले तर ते येथे मिनिटाला 27.8 फेरेच घेईल, आणि हार्मोनियमच्या काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये उतरेल.

गायिकांचा विषय निघाला की मामा केरी गावाकडे वळणारच. ते याच तालुक्यात आहे. तिथे जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये दोन्ही व्हॉएजर अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर निघाली. त्या तबकडीचा वेग मिनिटाला 16⅔ फेरे आहे, आणि सोबत कार्ट्रिज व सुईही दिलेली आहे. “स्प्रिंगा नाही दिल्या,” असे मामा म्हणाले, आणि तिथे जिना नसल्याचेही त्यांनी लगेच मान्य केले. घरातल्या केसरबाईंच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांना या यंत्रावर स्थान नाही, कारण त्यांच्या रुंद खाचेला एलपीच्या सुईपेक्षा बरीच जाड सुई लागते.

(दृश्य : जिना. सातवी पायरी. वर नाट्यसंगीत चालू आहे.)

संध्याकाळी मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींची एलपी लावली आणि मी जिन्यावरून तीनदा धावत वर-खाली गेलो. माडीच्या खिडकीची तावदाने थरथरली. सुई जागेवरच राहिली.

त्यानंतर मी पणजीहून मामांसाठी आणलेली भेट काढली, तबकडीवर मधोमध ठेवायचे 300 ग्रॅमचे पितळी वजन. मामांनी ते थाळीवर ठेवले, डोळे पेटीच्या कडेच्या पातळीला आणून बारकाईने पाहिले, आणि मलाही वाकून पाहायला सांगितले. तरंगता भाग सहा किलोंचा धरला तरी तीनशे ग्रॅमनी तो दीड मिलिमीटरच्या आसपास खाली बसतो, आणि तसाच तो बसला होता. टोनआर्मच्या पाटीभोवतीची फट आता सारखी राहिली नव्हती. मामांनी वजन उचलले, सुंदर आहे असे म्हणाले, आणि पंख्याने उडणाऱ्या वर्तमानपत्रावर ते नीट ठेवून दिले.