हत्तीरोगाची गोळी आणि त्या रात्रीचा ताप

श्रोतेहो, नमस्कार.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, वर्धा... या भागात राहणाऱ्याला हत्तीरोग म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. नात्यात नाही तर गल्लीत, एखादा तरी सुजलेला पाय प्रत्येकाने पाहिलेला असतो. म्हणून आज मी रोगाबद्दल थोडंच बोलणार आहे आणि गोळ्यांबद्दल जास्त. पूर्वी घरोघर गोळ्या द्यायच्या सरकारी मोहिमेत एकाच प्रकारची गोळी मिळायची, मग दोन प्रकारच्या मिळू लागल्या, आता तीन प्रकारच्या मिळतात. उंचापुरा माणूस असेल तर त्याच्या तळहातावर एकदम आठ गोळ्या येतात. त्या पाहून माणूस घाबरतो, हे मी वर्षानुवर्षं बघितलंय. आणि गोळी खाल्ल्यावर ताप आला तर तो पुढच्या वर्षी दारच उघडत नाही.

तर गटाराच्या, सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो आणि हत्तीरोगाचा कृमी शरीरात शिरतो. मोठे कृमी, नर आणि मादी, आपल्या रसवाहिन्यांमध्ये, म्हणजे अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये, ठाण मांडतात. कित्येक वर्षं जगतात आणि त्या काळात लाखोंनी पिल्लं सोडतात. ही पिल्लं दिवसा आत दडून असतात. रात्री, साधारण दहा ते दोनच्या सुमाराला, ती बोटाच्या टोकापर्यंतच्या रक्तात येतात, कारण डास त्याच वेळी चावतो. म्हणून आमचे आरोग्य खात्याचे लोक रात्री रक्त घ्यायला येतात. लोक म्हणतात, सरकारला दिवस पुरत नाही का? दिवसा घेतलं तर काचपट्टीवर काही दिसत नाही, म्हणून रात्री यावं लागतं.

आता औषधं. पहिलं डीईसी, म्हणजे डायइथाइलकार्बामाझिन. 1947 पासून ते जगाला माहीत आहे. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत ज्यांच्या नेतृत्वाखाली हे औषध निघालं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या शेजारच्या आंध्रातले, भीमावरमचे. इतक्या मोठ्या माणसाचं नाव आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसतं याचं मला फार वाईट वाटतं. क्रिकेटपटूंची नावं पोरं झोपेत सांगतात. असो. डीईसी पिल्लांना मारतं, पण मोठ्या कृमींपैकी काहींनाच. उरलेले पुन्हा पिल्लं सोडतात. नळ चालूच ठेवून लादी पुसावी तसं होतं. म्हणून दरवर्षी, वर्षानुवर्षं गोळी द्यावी लागत होती. पुढे जोडीला अल्बेंडाझोल आलं, तेच जे शाळेत जंतांसाठी देतात. आणि तिसरं आयव्हरमेक्टिन. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, आधी गुरांना दिलं गेलं आणि मग माणसांना. त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. करोनाच्या काळात हेच औषध लोकांनी मेडिकलमधून आपल्या मनाने आणून खाल्लं, तो प्रकार मला अजिबात पटला नव्हता, आजही पटत नाही.

दोन औषधं बरी की तीन? याचं चोख उत्तर पापुआ न्यू गिनीमधल्या अभ्यासातून मिळालं, 2018 साली ते प्रसिद्ध झालं. रक्तात पिल्लं असलेल्या माणसांचे गट केले. एका गटाला तिन्ही औषधं एकदाच दिली. वर्षाने पाहिलं तर 57 पैकी 55 जणांच्या रक्तात एकही पिल्लू नव्हतं. दुसऱ्या गटाला डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोनच औषधं एकदा दिली, तिथे वर्षाने 56 पैकी फक्त 18 जण मोकळे झाले होते. पुन्हा सांगते: तीन औषधं, 57 पैकी 55. दोन औषधं, 56 पैकी 18. आणि ज्यांना दोन औषधं दरवर्षी अशी तीन वर्षं दिली, ते तिसऱ्या वर्षाअखेर 52 पैकी 51 मोकळे झाले. म्हणजे दोन औषधांना तीन वर्षं लागली ते काम तिघांनी मिळून एका डोसात केलं. आपल्या देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत हा तिहेरी डोस सगळ्यांत आधी आला, त्यात 2019 साली आपलं नागपूर होतं.

पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की ताप, डोकेदुखी, अंगदुखी तिहेरी डोसानंतर जास्त होते. आणि इथेच मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे.

तिहेरी डोस आमच्याकडे नवीन होता तेव्हाची. वैनगंगेच्या काठचं एक गाव, नाव सांगत नाही. मोहीम दोन दिवसांवर आलेली आणि आम्ही रात्रीचं रक्त घ्यायला गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेबल मांडलं, पण कोणी पुढे येईना. बाया दारातून बघत होत्या, माणसं पाराजवळ बसून बिड्या ओढत होती. शेवटी नदीवर जाळं टाकणारा एक तरुण पुढे आला. आडदांड गडी, गावातल्या कबड्डीच्या संघातला. मित्रांना म्हणाला, "मले काई रोग नाई, पाहा," आणि माझ्यासमोर बोट धरलं.

आमचे प्रयोगशाळा तंत्रज्ञ मोठे हौशी गृहस्थ. एरवी पट्टी वाळवायची, रंगवायची, दुसऱ्या दिवशी बघायची अशी रीत. त्या रात्री त्यांनी एक जास्तीचा थेंब घेतला, त्यावर पातळ काच ठेवली आणि तो ताजाच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. लाइट गेलेली. मी टॉर्च आरशावर धरला. ते वाकून बघत राहिले, बराच वेळ काही बोलेनात. मग मला म्हणाले, "मॅडम, बघा."

मी डोळा लावला. तांबड्या पेशींची गर्दी आणि त्यात एके ठिकाणी खळबळ. पेशी एकदम बाजूला फेकल्या जात होत्या, पुन्हा जवळ येत होत्या, पुन्हा फेकल्या जात होत्या. नीट बघितलं तर मधोमध एक पारदर्शक, बारीक अळी, एका जागी वळवळत होती. मग दुसरी दिसली, मग तिसरी. एका थेंबात.

त्या गड्याला आम्ही म्हटलं, "भाऊ, तुमचंच रक्त आहे, बघता का?" तो बघायला वाकला आणि सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा तोरा उतरला होता. "हे माह्या आंगात हाये?" एवढंच म्हणाला. मग सगळा पार उठून आला. बाया आल्या, पोरं आली. रांग लागली हो! रात्री बारा वाजता खेड्यात सूक्ष्मदर्शकासमोर रांग! त्या रांगेत एक आजी होत्या. उजवा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी जाड झालेली, बोटांच्या बेचक्यांत चिरा. त्यांना खुर्ची दिली, टॉर्च नीट धरला. आजींनी एक डोळा हाताने झाकला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "हेच काय ते. माह्या पायाले यायनंच खाल्लं." त्यानंतर रक्त द्यायला कोणाला बोलवावं लागलं नाही.

जाता जाता एक सांगते. आपल्या कितीतरी शाळांत सूक्ष्मदर्शक असतं आणि ते कपाटात कुलूपबंद असतं. पोरांनी फोडलं तर कोण भरून देणार, अशी भीती. फुटलं तर फुटू दे! वर्षातून चार वेळा तरी ते बाहेर काढा, गावालाही दाखवा. माझं अगदी ठाम मत आहे.

तर दोन दिवसांनी मोहीम. आशाताईंनी घरोघर जाऊन, उंची मोजून, समोर बसवून गोळ्या खाऊ घातल्या. त्या गड्यानेही खाल्ल्या, आठच्या आठ. संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरला. डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली. गावात वार्ता पसरली की गोळीत इख हाये. आशाताईंच्या दारात माणसं जमली, कोणी गाडी काढून शहरातल्या दवाखान्यात न्यायची भाषा करू लागलं, कोणी ताईंनाच बोलू लागलं. ताईंचा मला फोन आला, आवाज थरथरत होता. मी आणि आरोग्य सेवक निघालो. पोचायला पाऊण तास लागला.

पोचलो तर गोंधळ नव्हता. त्या गड्याच्या अंगणात माणसं खाली बसलेली होती आणि मधे खाटेवर, सुजलेला पाय वर घेऊन, त्या आजी. आशाताईंनी नंतर सांगितलं की आजी काठी टेकत आल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "परवा पायल्या ना तुमी थ्या अळ्या? थ्या मरून रायल्या आता त्याच्या आंगात. मरतानी तरास देतीलच. मले काईच नाई झालं गोळीनं, माह्या रक्तात आता थ्या नसतील. ज्याले हायेत त्याले ताप येईन." एका शब्दाची शाळा न शिकलेली बाई! मी वैद्यकीय महाविद्यालयात जे शिकले ते त्यांनी एका थेंबावरून सांगितलं होतं.

मी त्या गड्याला तपासलं, पॅरासिटामॉल दिलं, पाणी प्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो नदीवर होता.

तर श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. गोळीनंतर येणारा ताप बहुतेक वेळा मरणाऱ्या कृमींमुळे येतो. रक्तात जितकी पिल्लं जास्त तितका त्रास जास्त. ज्याच्या रक्तात काही नाही, त्याला बहुधा काहीच होत नाही. त्रास दीड-दोन दिवसांत ओसरतो. फार उलट्या झाल्या, भोवळ आली, श्वास लागला तर मात्र थांबू नका, लगेच आरोग्य केंद्रात या.

हा डोस सगळीकडे असाच देत नाहीत. आफ्रिकेत काही भागांत नदीकाठच्या माशीपासून अंधत्व आणणारा दुसरा कृमी आहे, तो अंगात असताना डीईसी दिलं तर डोळ्यांना इजा होऊ शकते. म्हणून तिथे डीईसी वगळतात. आपल्याकडे तो कृमी नाही. आणखी एक मार्ग डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा, तो मोठ्या कृमीलाच निकामी करतो, पण रोज, चार ते सहा आठवडे. एकेका रोग्याला ठीक, अख्ख्या गावाला कसं जमणार?

आजींनी मला त्या रात्री विचारलं होतं, "बाई, माह्या पायाचं काय?" गोळीने तो पाय पूर्वीसारखा होणार नव्हता, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चिरांना मलम लावा, झोपताना पाय उशीवर घ्या, घोटा हलवत राहा. ताप येऊन पाय लाल होण्याचे जे झटके येतात ते याने कमी होतात. आजींचे झाले. अंडवृद्धी असेल तर शस्त्रक्रिया होते, लाजू नका.

गोळी कोणाला नाही? दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, फार आजारी माणूस. आयव्हरमेक्टिन पाच वर्षांखाली किंवा नव्वद सेंटिमीटरहून कमी उंचीला देत नाहीत, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईलाही पहिला आठवडा देत नाहीत. बाकी सगळ्यांना. उपाशीपोटी नको, जेवून घ्या. आणि आशाताईंसमोरच घ्या. "ठेवा, रात्री खातो" म्हणून फळीवर ठेवलेली गोळी पुढच्या वर्षीच्या साफसफाईत सापडते.

आणि एक. तुमच्या सेप्टिक टँकच्या पाइपाला जाळी आहे का? बांधणारा लावत नाही, बिल मात्र पूर्ण घेतो. मच्छरदाणीच्या जाळीचा वीतभर तुकडा घ्या, पाइपाच्या तोंडावर ठेवा, तारेने आवळा. फाटली की बदला.

नमस्कार.