शेवटी येणारी नावं

(दृश्य : चाळीसगाव स्टेशन, पहाट. धुळ्याची गाडी फलाटाला लागलेली.)

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही एकाच घरात होता. रविवारी सकाळी त्या घरच्या काकू ओसरीत सतरंजी टाकायच्या आणि वीस-पंचवीस पोरं दाटीवाटीनं बसायची. मोगली सुरू झाला की गल्ली सुनसान. पाटणादेवीचं जंगल आम्ही सहलीत पाहिलेलं होतं, त्यामुळे मोगली तिथेच कुठेतरी राहतो यावर आमचं एकमत होतं. शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा, गाणं गुलजारांचं. मग कार्टूनही आपल्याकडेच काढलेलं असणार, नाही का?

खरं काय ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं. ही मालिका १९८९ सालची, ५२ भागांची, जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या स्टुडिओनं केलेली. तो वाघ, ती वेल, नदीवरचं ऊन, सगळं जपानमधल्या टेबलांवर बसून कुणीतरी हातानं काढलेलं होतं. कुणी? त्या दिवसापासून मला हा एकच प्रश्न लागलाय.

याचं उत्तर खरं तर प्रत्येक भागाच्या शेवटी पडद्यावर येतं. पण पुढे घरी केबल आली तेव्हा मी ज्या वाहिनीवर कार्टून बघायचो, तिथे नावं सुरू झाली की चित्र आक्रसून कोपऱ्यात जायचं आणि बाकी पडद्यावर जाहिरात चालायची. मी टीव्हीला नाक लावून वाचायचो. दोन नावं वाचून होईपर्यंत तिसरं गेलेलं असायचं.

(दृश्य : जुना टीव्ही. पडद्यावर मुंग्या.)

टॉम आणि जेरीत संवाद जवळपास नसतातच. ते आम्ही पुरवायचो, अहिराणीत. जेरी बिळाकडे सुटला की एक जण टॉमच्या वतीनं ओरडायचा, "कथा पयस रे?" म्हणजे 'कुठे पळतोस रे?', आणि सगळी सतरंजी हसायची. हे कार्टून १९४० साली अमेरिकेतल्या एमजीएम स्टुडिओत सुरू झालं. करणारे दोघं, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा. सात मिनिटांच्या एका कार्टूनला सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रं, धरल्या तर दहा हजारांवर चौकटी होतात. टॉम घसरतो तेव्हा त्याच्या अंगाचा प्रत्येक भाग वेगळा घसरतो. टॉम आणि जेरीच्या कार्टूनना सात ऑस्कर मिळाले ते उगीच नाही.

१९५७ साली एमजीएमनं आपला कार्टून विभाग बंद केला. हॅना आणि बार्बेरांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, टीव्हीसाठी. टीव्हीकडे पैसा थोडा आणि मुदत त्याहून थोडी. तेवढी चित्रं काढणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी काय केलं ते बघा.

(दृश्य : कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं एक अस्वल. गळ्यात कॉलर आणि टाय.)

त्यांचा योगी बेअर आठवतो? अंगात शर्ट नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय. लहानपणी ती मला त्याची ऐट वाटायची. खरं कारण असं, की कॉलरमुळे डोकं आणि धड यांचा जोड झाकला जातो. धडाचं चित्र एकदाच काढायचं, तसंच ठेवायचं, आणि वर फक्त डोकं बदलत राहायचं. बोलताना अस्वलाचं अंग हलत नाही, तोंड तेवढं हलतं. पुढे त्यांच्या कितीतरी पात्रांच्या गळ्यात असंच काहीतरी आलं.

अनेकांना हे काम उरकल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. हातात चार आणे असताना सणाचा स्वयंपाक करणाऱ्या बाईचं कौतुक आपण करतो ना? ती कॉलर मला तशी दिसते. स्टुडिओ ओळखायला मी तिथूनच शिकलो. कुठे चित्रं वाचवली, कुठे जीव ओतून खर्च केला, हे कळायला लागलं की पडद्यामागची माणसं दिसायला लागतात.

आपल्याकडचंच घ्या. 'एक चिडिया, अनेक चिडियाँ' न म्हटलेलं माझ्या वयाचं माणूस दाखवा. ज्या कार्टून फिल्ममध्ये ते गाणं आहे, ती १९७४ सालची फिल्म विजया मुळे यांनी दिग्दर्शित केली आणि चित्रं हलती केली भीमसैन यांनी. मुळे मराठी. गाणं तोंडपाठ, पण हे नाव मला तिशी उलटल्यावर समजलं. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेत १९५६ साली कार्टून विभाग सुरू झाला, तेव्हा शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते. तिथेच कार्टून करणारे राम मोहन घडले. पुढे जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्यासोबत त्यांनी रामायणावरचा तो मोठा कार्टून चित्रपट केला, १९९२ सालचा. २०२५ मध्ये तो आपल्या थिएटरांत पुन्हा लागला, याचा मला फार आनंद झाला.

(दृश्य : टेबल, एक दिवा, आगपेटी.)

त्याही आधी दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या टेबलावर एकेक करून सरकवल्या आणि प्रत्येक वेळी एक चौकट टिपली. साल १९१५. आगकाड्या चालायला लागल्या.

आमच्या चाळीसगावात असं टेबल होतं. स्टेशनजवळच्या घरात छायाचित्रकार केकी मूस राहायचे. वर्षानुवर्षं ते घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, दिवा हवा तसा वळवायचा, आणि फोटोत अख्खा देखावा उभा करायचा, ही त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं. ते अ‍ॅनिमेशन नव्हतं, त्यांच्या फोटोतलं काही हलत नाही. तरी त्यांच्या कलादालनात गेलो की मला स्टुडिओत आल्यासारखं वाटतं. एक टेबल, एक दिवा आणि न कंटाळणारा माणूस.

(दृश्य : काही सेकंद काळा पडदा.)

१८ जुलै २०१९. जपानमध्ये क्योटो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओला एका माणसानं आग लावली. ३६ जण गेले. जपानमध्ये पुष्कळ चित्रकारांना चित्रामागे पैसे मिळतात. या स्टुडिओनं मात्र आपल्या लोकांना पगारावर ठेवलं, घरातच शिकवलं. त्यांच्या चित्रांत केस वाऱ्यानं उडतात, कपातला चहा हलतो, आणि ते बघून आपण नकळत सावरून बसतो. मी त्या रात्री जेवलो नाही. ज्यांना कधी भेटलो नाही त्यांच्यासाठी रडलो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्या स्टुडिओचा नियम होता, की किमान एक वर्ष काम केलेल्यांचंच नाव शेवटी द्यायचं. सप्टेंबरमध्ये त्यांच्याच 'व्हायोलेट एव्हरगार्डन' या मालिकेवरचा चित्रपट आला, तेव्हा त्यांनी तो नियम बाजूला ठेवला. काम केलेल्या प्रत्येकाचं नाव दिलं, वर्षही न भरलेल्या नवख्या पोरांचंसुद्धा. ती यादी सरकत असताना मी एकदाही पडदा पुढे ढकलला नाही. जपानी वाचता येत नाही, तरी शेवटच्या ओळीपर्यंत बघितली.

(दृश्य : वहीचे कोपरे अंगठ्यानं सरसर सुटतात. स्टेशनात गाडी येते.)

हा माझा भाचा, पाचवीत आहे. त्यानं चार दिवस बसून वहीच्या कोपऱ्यांवर धुळ्याची गाडी काढलीये. ४८ पानं. अंगठ्यातून सुटली की जेमतेम दोन-चार सेकंद. डब्यांच्या खिडक्या एका पानावर पाच आहेत, दुसऱ्यावर सहा, म्हणून गाडी थोडी थरथरते. खरी गाडीही थरथरतेच.

शेवटचं पान कोरं आहे. त्यानं पेन्सिल हातात घेतली आणि विचारलं, "मामा, नाव कोठे लिखू?"