शेरेबहीत राहिलेला शेरा

[दृश्य: हजेरीपत्रकावरून फिरणारं बोट]

शाळा तपासणीत सगळ्यात आधी बघतात तो पट. पहिली ते पाचवीत 90 मुलं असली तर तीन शिक्षक, एक्क्याण्णवावं आलं की चौथा. शिक्षण हक्क कायदा, 2009 ची अनुसूची असं सांगते. एका नावावर एक पद टिकतं किंवा जातं, आणि खोटी नावं चढवायचा मोह होतो तो इथेच. ऑक्टोबर 2011 मध्ये महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली, तेव्हा तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली होती.

बाकी अनुसूची कुणालाही पडताळता येईल इतकी सोपी आहे. शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण. पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस नि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस नि 1000 तास. मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगळी हवीत, पण किती हवीत हे अनुसूची सांगत नाही. तपासणाऱ्याने नळ सोडून पाहिला नाही, तर कुलूपबंद स्वच्छतागृहही ‘आहे’ म्हणूनच नोंदलं जातं.

[दृश्य: शाळेच्या कार्यालयात लावलेलं मान्यता प्रमाणपत्र]

खासगी शाळेला कायद्याचा धाक आहे. तिने नमुना 1 मध्ये स्वयंघोषणा द्यायची, तपासणीत निकष पूर्ण ठरले की नमुना 2 मध्ये मान्यता मिळते. मान्यतेविना शाळा चालवली तर कलम 18 प्रमाणे एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत.

हेच कलम सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना मान्यतेतून वगळतं. काढून घ्यायला मान्यताच नाही, मग केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, लिहिलेला ‘छत गळते’ हा शेरा पुढच्या भेटीपर्यंत शेरेबहीत पडून राहू शकतो. आमच्या मते कायद्याची खरी लंगडी बाजू ही.

त्यावर उपाय मात्र याच कायद्यात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, आणि कलम 22 नुसार सरकारी नियोजन व अनुदानाचा आधार हा आराखडाच. म्हणून गळक्या छताचा शेरा बैठकीत वाचायचा, ठराव करायचा, आराखड्यात घालायचा. समिती कागदावरच असेल, कोऱ्या इतिवृत्तावर सह्या घेतल्या जात असतील, तर ही वाट तिथेच बंद होते.

अशा वेळी कलम 32. मुलाच्या हक्काबाबत कुणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. शेऱ्याची प्रत जोडावी, तारीख घालावी, पोच घ्यावी. सुनावणीची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे, आणि तिथे तक्रार कधी दिली हे दाखवायला ती पोचच लागते.