नवी टोपी मळवताना

(पडद्यावर: टेबलावर एक तपकिरी फेल्ट हॅट. आतल्या पट्ट्यावर अजून प्लॅस्टिक.)

ही टोपी काल दुपारी आली. परवा संध्याकाळी हीच घालून एक नट रंगमंचावर येणार आहे. त्याच्याकडे बघताना वाटलं पाहिजे की हा माणूस तीन वर्षं बोरघाटात उन्हात उभा आहे.

नाटक १८५९ सालातलं. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी घाटात बोगदे खणले जातायत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि पुढचं काम त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, पुरं करून घेतलं. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. आपला माणूस या सगळ्यात अगदी किरकोळ. कातळ फोडणाऱ्या टोळीवरचा गोरा मुकादम, वाट्याला सात-आठ वाक्यं. त्यामुळे बरंचसं टोपीलाच बोलावं लागणार.

कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंना इथे सगळे मावशी म्हणतात. टोपी हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो रंगाचा नव्हता, धुळीचाही नव्हता.

"हा उजवा का डावखुरा?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"अरे, टोपी काढताना कुठल्या हाताने काढतो? तिथेच मळणार ना ती!"

(पडद्यावर: किटली. वाफ.)

सुरुवात वाफेने. दुकानातली टोपी ताठ असते, कारण फेल्टला कडकपणा आणायला त्यात लाखेसारखं काहीतरी मुरवलेलं असतं. वाफेवर धरली की काठ मऊ पडतो. मावशी तो हाताने खाली ओढतात, एका बाजूला जरा जास्त. मग टोपी चुरगाळून एका पिशवीत कोंबतात आणि पिशवी खुर्चीवर ठेवून तिच्यावर चक्क बसतात. चहा होईस्तोवर.

वाफ देताना मात्र हात आखडता. फेल्ट विणलेलं नसतं, त्यात उभा-आडवा धागाच नाही. लोकरीच्या किंवा सशाच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि रगडणं मिळालं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात, मशीनमध्ये गेला की तो लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, तेच हे. ही टोपी लोकरीची, स्वस्तातली. जास्त वाफ मिळाली तर नटाच्या डोक्यात शिरणार नाही.

आता घासकाम. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली एक किसणी. घासायचं कुठे, तर जिथे आयुष्य घासतं तिथे: काठाची कड, माथ्यावरच्या घडीचा कंगोरा, आणि हाताने धरायची जागा. बाकी ठिकाणी हात लावायचा नाही. नवखा माणूस टोपी सगळीकडून सारखी घासतो आणि मग ती जुनी दिसत नाही, खराब झालेली नवी टोपी दिसते.

(पडद्यावर: मावशी नाकावर मास्क चढवतात.)

मास्क हवाच. आणि कुणी आजोबांच्या ट्रंकेतली खरी जुनी फेल्ट हॅट आणून दिली, तर ती घासायचीच नाही. पूर्वी सशाचे केस फेल्टसाठी तयार करताना पाऱ्याचं संयुग लावत. टोप्या करणाऱ्या कारागिरांचे हात त्या पाऱ्याने थरथरायचे, डोक्यावर परिणाम व्हायचा. अमेरिकेत हा प्रकार १९४१ मध्ये थांबला. पारा त्या जुन्या टोप्यांमध्ये अजूनही असू शकतो, आणि घासला की तो उडतो.

दुसरी एक चूक माझ्या स्वतःच्या खात्यावर आहे. कॉलेजच्या एकांकिकेसाठी टोपीचा रंग विटवायला मी ब्लीच लावलं होतं. सुती कपड्यावर चालतं, म्हणून. लोकर म्हणजे प्रथिन, ब्लीचमध्ये ती विरघळते. सकाळी बघितलं तर टोपीला रुपयाएवढं भोक, आणि कडेला चिकट पिवळा लगदा. प्रयोगात त्या पात्राला गोळी लागल्याचं दाखवलं.

मावशी विटका रंग ब्रशने आणतात. राखाडी ॲक्रिलिक खूप पातळ करून, ब्रश जवळजवळ कोरडा करून, फक्त माथ्यावर आणि काठाच्या वरच्या बाजूला, म्हणजे ऊन पडतं तिथेच. मग टोपीभोवतीची रिबीन किंचित खाली सरकवतात. रिबिनीच्या वर मूळ गडद तपकिरी रंगाची बारीक रेघ उघडी पडते. एवढी वर्षं ऊन न लागलेली. प्रेक्षकांतून ती कुणालाही दिसणार नाही. मी तसं म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, "त्याला दिसेल ना, घालताना."

घाम आतून बाहेर येतो. म्हणून कपाळाच्या जागी, रिबिनीच्या लगेच वर, तेलात कालवलेला गडद रंग बोटाने. वरची कड वेडीवाकडी. त्या कडेवर मिठाचं दाट पाणी, आणि पंखा बंद. पाणी हळूहळू उडतं आणि मीठ कडेला जमतं. तासाभराने तिथे पांढरी नागमोडी रेघ उमटते, उन्हाळ्यात एसटीच्या ड्रायव्हरच्या शर्टवर असते तशी.

(पडद्यावर: जुन्या मलमलीची पुरचुंडी. आत पिवळसर पूड.)

आणि आता धूळ. म्हणजे मुलतानी माती. तीच, चेहऱ्याला लावायची. राजस्थानात बाडमेर-बिकानेरकडे तिच्या खाणी आहेत. इंग्रजीत तिला 'फुलर्स अर्थ' म्हणतात. फुलर म्हणजे नवं लोकरीचं कापड तुडवून घट्ट करणारा कारागीर. लोकरीतला मेंढीचा तेलकटपणा काढायला तो ही माती वापरायचा, कारण ती तेल शोषते. शतकानुशतकं जिने लोकर स्वच्छ केली, तीच आता जगभरच्या कपडेपटात लोकर मळवायला वापरतात. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या सिनेमातली इंडियाना जोन्सची ती प्रसिद्ध टोपी लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन या दुकानातली. वेशभूषाकार डेबोरा नॅडूलमन यांनी तीही तेल आणि हीच माती लावून जुनी केली होती.

पण नुसती मुलतानी घाटात चालायची नाही. ती वाळवंटी, फिकट पिवळी. बोरघाटात काळा कातळ सुरुंगाने फोडत होते, त्याची भुकटी करडी. वाटेवरचा मुरूम तांबूस. म्हणून मावशी थोडी मुलतानी तशीच ठेवतात, थोडीत काव म्हणजे तांबडी माती घालतात, आणि थोडीत चिमूटभर काजळी. तीन पुरचुंड्या होतात. करडी माथ्यावर, तांबूस काठाच्या वर, आणि घडीच्या खोबणीत तिन्ही. पुरचुंडी टोपीवर आपटायची नाही, वरून हलकेच झटकायची. धूळ वरूनच पडते, त्यामुळे काठाच्या खालची बाजू जवळपास स्वच्छ. मग लांबून हेअर स्प्रे, पुन्हा धूळ, पुन्हा स्प्रे. शेवटचा थर मोकळाच ठेवायचा.

रंगीत तालमीला वेगळंच निघालं. पिवळ्या दिव्यात तांबूस धूळ पार गायब. दहाव्या रांगेतून टोपी पुन्हा कालच्याइतकी नवी. मावशींनी करडी आणखी चढवली, इतकी की हातात घेतल्यावर बटबटीत वाटावी. कॅमेऱ्यासमोर हे हास्यास्पद दिसलं असतं. दहाव्या रांगेतून मात्र नेमकं दिसलं.

आणि नट डावखुरा निघाला. दोन दिवस विचारत होतो, तर म्हणायचा "दोन्ही चालतात हो." तालमीत पहिल्याच प्रवेशात त्याने डाव्या हाताने टोपी काढली. मळलेला अंगठ्याचा डाग उजव्या काठावर. मावशी काही बोलल्या नाहीत. चष्मा लावला, किसणी घेतली, आणि रात्री साडेअकराला डावा काठ घासायला बसल्या.

(पडद्यावर: प्रयोग. विंगेतून दिसणारा रंगमंच.)

दुसरा प्रवेश. मुकादम बोगद्यातून बाहेर येतो. वाक्य नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पण तो टोपी काढतो आणि मांडीवर दोनदा आपटतो. दिव्याच्या झोतात तांबूस-करडा ढग उठतो आणि बराच वेळ तरंगत राहतो. समोर पहिल्या रांगेत कुणीतरी खोकतं.

विंगेत मावशी कपाळावर हात मारतात.

"मेल्यानं सगळी झटकली. अजून दोन प्रवेश आहेत की!"

आणि पुरचुंडी शोधायला लागतात.