मागचं हाउसिंग तापलं म्हणून लगेच 140 नंबरचं घट्ट गिअर ऑइल ओतू नका

इथे गोव्यातल्या साखळी गावात बसलेल्या बऱ्याच जणांची गाडी आठवड्यातून दोनदा तरी बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट करते, म्हणून घाटापासूनच सुरू करतो. बेळगावहून भाजी भरून आलेला पिकअपवाला गाडी लावतो आणि म्हणतो, मागचं हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधलं, चाकांना ताकद देणारे गिअर आणि ऑइल आत असलेलं लोखंडी कवच) हात लावू देत नाही. तर 60 डिग्रीच्या वर लोखंडावर हात ठेववतच नाही, आणि लोड घेऊन घाट केलेलं हाउसिंग 80-90 ला असणारच, तो बिघाड नव्हे. 120 च्या आसपास जायला लागलं की मात्र बघायलाच हवं, तिथून पुढे ऑइल भराभर जळतं, काळं पडतं, सील कडक होतात.

आधी बघा नेमकं कुठे तापतंय. इन्फ्रारेड गन घ्या आणि थांबल्या थांबल्या दोन्ही ड्रम, मधला फुगीर भाग आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा लांब दांडा) जोडतो तिथलं पिनियनचं, म्हणजे आतल्या छोट्या गिअरचं तोंड, एवढ्या जागा मोजा. ड्रम जास्त गरम असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा पूर्ण उतार ब्रेकवर काढलाय, हाउसिंगला उगाच दोष. फक्त पिनियनचं तोंड तापलं तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा गेलंय. सगळंच सारखं तापलं तर ऑइल, लोड नाहीतर दोन बाजूंना वेगळ्या मापाचे टायर, कारण मग सरळ रस्त्यावरही आतले छोटे गिअर सतत फिरत राहतात.

गेल्या पावसात एक गाडी आली, आधी कुठेतरी 140 टाकून घेतलेलं, तरी 118. लेव्हल प्लग (ऑइलची पातळी बघायचं बूच) सैल केला तर फुस्स करून हवा सुटली आणि दुधाळ चहासारखं ऑइल बाहेर आलं. ब्रीदरची (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या भोकाची) टोपी लाल मातीने पार बुजलेली होती. तापलेली गाडी ओहोळात घातली की आतली हवा थंड होऊन आकसते, ब्रीदर बंद असला की सीलमधून पाणी ओढलं जातं. वर ऑइलही जास्त भरलेलं, मग गिअर ते घुसळतात, फेस होतो आणि उष्णता वाढते. सपाट जागेवर प्लगच्या खालच्या कडेपर्यंत, बस, त्यावर थेंब नको.

ग्रेड गाडीच्या पुस्तकात बघा. बहुतेक पिकअपना 80डब्ल्यू-90 (घट्टपणाचं माप), जीएल-5 (दाब सोसण्याचा दर्जा) लागतं, कारण हायपॉइड क्राउन-पिनियनचे, म्हणजे आतल्या मोठ्या गिअरचे आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्याचे दात नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर घासत सरकतात, त्या दाबाला जीएल-4 पुरत नाही. उलट गिअरबॉक्सला जीएल-4 सांगितलं असेल तर तिथे हेच ऑइल घालू नका, काही जीएल-5 मधली गंधकाची द्रव्यं पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खातात. आणि गिअर ऑइलचा 90 म्हणजे इंजिनच्या 40 च्या दुप्पट घट्ट असं समजू नका हं, दोन्ही मापं वेगळी आहेत, हा 90 साधारण इंजिनच्या 40-50 एवढाच असतो. 140 खरंच घट्ट, कंपनीने सांगितलं तरच.

त्या गाडीचं आतलं सगळं धुतलं, सील बदलले, ब्रीदरला नळी लावून वर नेली, 90 भरलं. पुढच्या फेरीला 88.