सहा गठ्ठे

(दृश्य: अभिलेख कक्ष. मांडणीवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे.)

सरकारी कचेरीतले हे गठ्ठे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. आपला कागद यातल्या कुठल्या गठ्ठ्यात आहे, हे कारकुनाला लगेच सांगता येतं का? प्रशासनाची कार्यक्षमता मी तरी इथून मोजायला लागेन.

1980च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीच्या कामाची घडी नव्याने बसवली. 'लखीना पॅटर्न' हे नाव तिथलंच. दप्तर लावायची सहा गठ्ठा पद्धत महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आजही सांगितली जाते.

(दृश्य: टेबलावर कागद वेगळे करणारे हात.)

हातातली प्रलंबित प्रकरणं एका गठ्ठ्यात. दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबलेली, प्रतीक्षाधीन, दुसऱ्यात. मग नियतकालिकं, म्हणजे ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि शेवटी नष्ट करायचे 'ड' वर्गाचे. यातला प्रतीक्षाधीन गठ्ठा नीट बघा. "वरून उत्तर आलं नाही" हे वाक्य इथलंच. हा गठ्ठा वेगळा बांधलेला असला, की स्मरणपत्र कधी धाडायचं ते कळतं. नसला, की अर्जदाराचे हेलपाटे सुरू.

पुढे कायदेही आले. 2005च्या विलंब प्रतिबंध अधिनियमानं सांगितलं, की सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ फाईल कुणाकडे पडून राहू नये. 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमानं अधिसूचित, म्हणजे सरकारनं तशा जाहीर केलेल्या, सेवा मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्कच केला. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड.

पण मुदत मोजतात ती सर्व बाबतींत पूर्ण असलेला अर्ज मिळाल्यापासून. अर्ज पूर्ण आहे की नाही, हे खिडकीपलीकडे ठरतं. एक झेरॉक्स कमी म्हणून अर्ज परत गेला, तर तक्त्यात विलंब दिसत नाही. दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेली बाई मात्र रिकाम्या हातानं एसटीत बसते. अशा कामाला कार्यक्षम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून मला दंडापेक्षा याच कायद्यातली दुसरी अट मोलाची वाटते: सेवा नाकारायची तर कारण लेखी द्यायचं, आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत करायचं तेही कळवायचं.

(दृश्य: खिडकी. पोचपावतीवर शिक्का उमटतो.)

या पावतीवर अर्जाचा क्रमांक आणि सेवेची मुदत असायला हवी. खिडकी सोडण्याआधी दोन्ही वाचून घ्या.