रिकामी स्लेज आणि अमुंडसेन

आजचा विषय आहे टेड टॅलीच्या ‘टेरा नोव्हा’ नाटकातला स्कॉट-अमुंडसेन संघर्ष. दक्षिण ध्रुवावर आधी कोण पोचतो, ही इंग्रज स्कॉट आणि नॉर्वेचा अमुंडसेन यांची शर्यत; स्कॉट आणि त्याचे चौघे साथी परतीच्या वाटेवर मेले. तिकडे येतोच, पण आधी स्लेजबद्दल, म्हणजे बर्फावरून सामान ओढायच्या बिनचाकी गाडीबद्दल, बोलू द्या. या नाटकाचे प्रयोग पडतात ते तिथे.

बहुतेक प्रयोगांत स्लेज रिकामी असते. वर ताडपत्री ताणलेली, आत थर्माकोल. पाच नट जिवाच्या आकांताने ओढतात आणि दोराला मात्र झोळ पडलेला. प्रेक्षक चेहऱ्याआधी दोर बघतो. दोर सैल दिसला की पुढचं सगळं वाया.

स्कॉटची माणसं कमरेला रुंद कॅनव्हासचा पट्टा बांधायची, त्याला खांद्यावरून आधाराचे पट्टे, आणि मागून दोर स्लेजला. जोर कमरेचा आणि मांड्यांचा. नटाने दोर हातात धरला की गेलंच! दुसरं असं, की घर्षणाने बर्फ किंचित वितळतो म्हणून स्लेज घसरते. कडाक्याच्या थंडीत तो वितळत नाही, वाळूतून ओढल्यासारखं होतं. ध्रुवाच्या वाटेवरच्या बियर्डमोर हिमनदीवर तर मऊ बर्फात रुतलेली स्लेज नुसती हलवायला दहा-पंधरा हिसके द्यावे लागत.

तेव्हा स्लेजमध्ये साठ-सत्तर किलो वाळूच्या पिशव्या भरा. खालच्या पट्ट्यांना जाड नमदा चिकटवा, म्हणजे फळ्यांवर आवाज होत नाही आणि घर्षण वाढतं. मागच्या बाजूला एक दोर बांधून तो विंगेत बॅकस्टेजवाल्याच्या हातात द्या. त्याने हातमोजे घालून दोर मुठीतून हळूहळू सरकवायचा. एकदम सोडला तर पाचही जण तोंडावर आपटतात. त्याची नजर पुढच्या नटाच्या कमरेवर हवी, चेहऱ्यावर ठेवली तर उशीर होतो. आणि हे सगळं पहिल्या तालमीपासून. रंगीत तालमीत पट्टा चढवला तर पाठ केलेली वाक्यं धापेपुढे टिकत नाहीत.

सामानात दगडांची पिशवीही विसरू नका. सुमारे 16 किलो दगड स्कॉटच्या माणसांनी शेवटपर्यंत टाकले नाहीत. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म होते, आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांत सापडतात तेच.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तर संघर्ष.

दक्षिणेत दोघांची गाठ पडलीच नाही. अमुंडसेन ध्रुवावर पोचला 14 डिसेंबर 1911 ला, स्कॉट 17 जानेवारी 1912 ला. नाटकात अमुंडसेन येतो तो मरणाऱ्या स्कॉटच्या मनात. त्याला खलनायक करू नका, तो हिशेब मागतो आहे. त्याने स्लेज ओढायला 52 कुत्रे नेले, त्यांतले 24 वाटेत एकाच मुक्कामी मारून खाण्यासाठी वापरले, परत आणले 11. स्कॉटने चौघांच्या बेताच्या शिध्यावर पाचवा माणूस घेतला. त्याच्या रॉकेलच्या डब्यांचे चामडी वॉशर सुकून तेल उडालं, अमुंडसेनने डबे झाळून घेतले होते. दोन्ही नटांना हे तोंडपाठ हवं.

म्हणून स्लेजवर एवढा वेळ घेतला. अमुंडसेनच्या कमरेला पट्टा नाही. तो सावकाश, पूर्ण वाक्यांत बोलतो. स्कॉटचं वाक्य दर चार शब्दांनी तुटतं. स्लेज रिकामी असेल तर दोघे सारखेच बोलतात, आणि संघर्ष उभाच राहत नाही.